धुळ्यात मंकीपॉक्स, रावेरला लम्पी… मग लेकराच्या अंगावर उठलेलं हे पुरळ नेमकं कसलं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये धुळ्याचं नाव अचानक राज्यभरातल्या बातम्यांत झळकलं. सौदी अरेबियातून परतलेला एक रुग्ण त्वचेच्या तक्रारी घेऊन धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला होता. त्याचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले आणि मंकीपॉक्सचा अहवाल पॉझिटिव्ह आला. राज्यातला हा पहिलाच रुग्ण, असं सांगण्यात आलं.

अशी बातमी आली की पुढचे काही दिवस काय होतं, हे कुठल्याही आईबापाला विचारा. लेकराच्या पोटावर चार पुळ्या दिसल्या की पहिला प्रश्न एकच, "हे ते तर नाही ना?" मग फोटो निघतो, फॅमिली ग्रुपवर पडतो, तिथून शेजारच्या ग्रुपवर जातो. संध्याकाळपर्यंत त्या एका फोटोवर सात निदानं आणि तीन मलमं जमा होतात.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रातला लम्पीचा त्या साथीतला पहिला प्रादुर्भाव नोंदवला गेला तो जळगाव जिल्ह्यातच, रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात. गुरांच्या अंगावर गाठी, तोंडाला लाळ, ताप. बघता बघता आजार राज्यभर पसरला आणि सोबत अफवाही पसरल्या. दूध प्यावं की नाही, गोठ्यात खेळणाऱ्या पोरांना गाठी येतील का, इथपर्यंत चर्चा गेली.

या दोन्ही भीतींचा हिशेब आधी पटकन मिटवू. कारण खरी काळजी करावी अशा गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्यांच्या बातम्या होत नाहीत.

लम्पी नाही, आणि मंकीपॉक्सही जवळपास नाहीच

लम्पीचा विषाणू गाई-म्हशींचा. तो माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायचं ते इतर जंतूंसाठी, लम्पीसाठी नाही. गोठ्यात खेळणाऱ्या मुलाच्या पायावर पुळ्या असतील तर गोचीड, पिसवा आणि डासांवर संशय घ्या, गाईवर नको.

मंकीपॉक्स माणसाला होतो, पण तो पसरतो तो मुख्यतः रुग्णाच्या अंगावरच्या फोडांशी थेट, जवळच्या संपर्कातून किंवा त्याचे कपडे, अंथरूण वापरल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेली आंतरराष्ट्रीय आणीबाणी सप्टेंबर २०२५ मध्ये मागेही घेतली होती. आजार संपला म्हणून नाही, पण परिस्थिती पूर्वीइतकी हाताबाहेर राहिली नाही म्हणून. घरात कुणी तशा रुग्णाच्या संपर्कात आलेलं नसेल, तर पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या तीन वर्षांच्या मुलाच्या अंगावरच्या पुळ्यांसाठी मंकीपॉक्स हे उत्तर असण्याची शक्यता नगण्य आहे.

मग उत्तर काय? खरं सांगायचं तर लहान मुलांच्या अंगावर पुरळ उठण्याची कारणं शेकड्यांनी आहेत आणि फोटोवरून अनुभवी त्वचारोगतज्ज्ञही अनेकदा ठाम बोलत नाहीत. पण घरच्या घरी एक मोठी वाटणी करता येते. ती रंग बघून किंवा आकार बघून करायची नसते. आधी बघायचं ते हे, की पोराला ताप आहे का, आणि रात्री तो झोपतो का.

ताप आधी आणि पुरळ नंतर, म्हणजे गोवर धरून चला

मंकीपॉक्सच्या बातमीखाली जो आजार झाकला जातो तो गोवर. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा मोठा उद्रेक झाला, तेव्हाच भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण वाढले होते. मालेगाव धुळ्यापासून मुंबई-आग्रा महामार्गावर जेमतेम पन्नास किलोमीटर. आठवडी बाजार, लग्नं, यंत्रमागाची कामं, सगळी ये-जा याच रस्त्याने. राज्य सरकारला तेव्हा डॉ. सुभाष साळुंखे यांच्या नेतृत्वाखाली टास्क फोर्स नेमावा लागला. केंद्राने उद्रेकाच्या भागांत ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याचा, आणि जिथे त्याहून लहान बाळांना जास्त लागण होत होती तिथे ६ महिन्यांपासूनच एक डोस देण्याचा सल्ला दिला.

गोवर ओळखायची खूण अंगावर शोधण्याआधी डोळ्यांत शोधा. तीन-चार दिवस चढता ताप, कोरडा खोकला, वाहतं नाक, आणि लालभडक, पाणावलेले डोळे. मूल उजेडाकडे बघायला तयार नसतं. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांजवळ, मिठाच्या खड्यांसारखे बारीक पांढरे ठिपके दिसू शकतात. आणि मग पुरळ उठतं ते कानामागून, कपाळावरून, आणि खाली उतरत जातं. चेहरा, मान, छाती, पोट, शेवटी पाय. चपटे लाल डाग, एकमेकांत मिसळत जाणारे. त्यांत पाणी नसतं.

गोवर हा सर्वांत वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एक आहे. लस न घेतलेल्यांच्या वस्तीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यावर चार दिवसांपर्यंत. म्हणजे अंगावर काहीच दिसत नसतानाही मूल अंगणवाडीत बसून तो वाटत असतं.

खानदेशात 'गोवर निघाला', 'माता आली' असं म्हणण्याची पद्धत अजून आहे. यातल्या सगळ्यालाच अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढायला माझं मन घेत नाही. दाराला कडुलिंबाची डहाळी लावायची, बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही, मुलाला वेगळ्या खोलीत ठेवायचं. हे विलगीकरणच आहे, फक्त देवीच्या नावाने केलेलं. अडचण पुढे येते. दवाखान्यात न्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, खायला फक्त पातळ पेज आणि कधी तीही नाही. गोवराने मूल दगावतं ते पुरळामुळे नव्हे. त्यानंतर होणारा न्यूमोनिया, जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं, क्वचित मेंदूला सूज, यांनी ते दगावतं. आणि आधीच अशक्त असलेल्या मुलाची उपासमार केली की यातल्या प्रत्येक गोष्टीचा धोका वाढतो.

गोवराच्या विषाणूवर खास औषध नाही, पण एक स्वस्त गोष्ट आहे जी डोळे आणि जीव दोन्ही वाचवते: व्हिटॅमिन ए. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस एकेक डोस द्यायचा असतो. एक वर्षावरच्या मुलाला प्रत्येकी २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. हा डोस आरोग्य केंद्रातच घ्यायचा, मेडिकलमधून आणून अंदाजाने नाही. पूर्वी अंगणवाडीत दिला होता म्हणून आता नको, असंही नसतं.

आणखी एक गोष्ट जी फारशी सांगितली जात नाही. गोवर शरीराची जुनी रोगप्रतिकारक स्मृती पुसून टाकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांमध्ये गोवरानंतर इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. 'एकदा निघून गेला की पोर मोकळं' हा समज म्हणूनच चुकीचा आहे. पुढची दोन-तीन वर्षं ते मूल वारंवार आजारी पडू शकतं.

लस मोफत आहे, मग मुलं सुटतात कुठे?

गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोठी मोहीमही झाली होती. देशाने २०२६ पर्यंत गोवर-रुबेला हद्दपार करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यासाठी दोन्ही डोस किमान ९५ टक्के मुलांपर्यंत पोचायला हवेत.

आता खानदेशचं कॅलेंडर डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतर चाळीसगाव, पाचोरा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातली कुटुंबं दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांवर जातात. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. फेब्रुवारी ते जुलै या काळात जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने नेमके नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये भरतात, म्हणजे बाळ फडावर असताना. गावातली आशाताई यादी घेऊन दारात येते तेव्हा घराला कुलूप असतं. कारखान्यावरच्या आरोग्य सेविकेच्या यादीत या बाळाचं नाव नसतं. यात आईबापाचा निष्काळजीपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं. गाव आणि फड या दोन याद्यांच्या मधे हे बाळ पडलेलं असतं.

तोडगा कागदावर सोपा आहे. लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रात घेता येते, गावातच घ्यावी लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवं. ते नसलं तरी नकार देण्याचं कारण नाही. निघण्याआधी त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी पुढच्या गावातलं काम सोपं होतं. डोसची तारीख उलटून गेली असेल तर वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत तो देता येतो.

पाण्याचे फोड आले तर

तापासोबत फोड आले आणि त्यांत पाणी दिसलं, तर मुख्यतः दोन नावं समोर येतात.

पहिलं कांजिण्या. छाती-पाठीपासून सुरुवात, भरपूर खाज, आणि एकाच वेळी अंगावर सगळे प्रकार हजर. इथे लाल ठिपका, शेजारी पाण्याचा फोड, त्याच्या बाजूला खपली. शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत मूल इतरांना लागण देतं. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला दूर ठेवायचं. नखं कापायची, अंघोळ घालायची. हो, घालायचीच, कोमट पाण्याने, न घासता. खाजेसाठी कॅलामाइन लोशन चालतं. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल, पण अ‍ॅस्पिरिन कधीच नाही, त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत पैसे मोजून घ्यावी लागते.

दुसरं 'हँड, फूट अँड माऊथ'. तळहात, तळपाय, ढुंगणावर फोड आणि तोंडात छाले. पाच वर्षांखालची मुलं जास्त, पाळणाघरात आणि बालवाडीत एकाला झालं की आठवड्यात निम्म्या वर्गाला. २०२२ मध्ये केरळच्या कोल्लममधून 'टोमॅटो फ्लू' नावाने जी खळबळ उडाली, तो याच आजाराचा प्रकार होता. टोमॅटोशी त्याचा काही संबंध नाही, फोड लाल आणि गोल दिसले म्हणून नाव पडलं. सात ते दहा दिवसांत आपोआप बरं होतं. त्रास खरा होतो तो गिळताना. थंड दूध, ताक, दहीभात, कुस्करलेलं केळं असं काहीतरी पोटात जात राहायला हवं. मोसंबीचा रस आणि तिखट नको, छाल्यांना झोंबतं. महिन्या-दीड महिन्याने एखाद्या मुलाची नखं सुटून येतात आणि घर पुन्हा घाबरतं. नखं परत येतात.

ताप नाही, पण रात्रभर खाजवतो

आता दुसरी वाटणी. ताप नाही, मूल खेळतंय, पण खाज आहे. इथे पहिला प्रश्न मुलाबद्दल नाही, घराबद्दल विचारायचा: घरात आणखी कुणाला खाजतंय का?

उत्तर 'हो' असेल आणि खाज रात्री अंथरुणात वाढत असेल, तर ती खरूज समजून डॉक्टरकडे जा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, काखेत, बेंबीभोवती बारीक पुळ्या. तान्ह्या बाळांत मात्र तळहात, तळपाय आणि डोक्यावरही. खरूज ही घाणेरड्या घराची खूण नाही. एका अंथरुणात चार जण झोपतात म्हणून ती पसरते, वसतिगृहात आणि आश्रमशाळेत म्हणून ती जास्त दिसते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं, यावरून तिचा पसारा लक्षात यावा.

औषध साधं आहे: ५ टक्के परमेथ्रिनचं मलम, दोन महिन्यांवरच्या बाळालाही चालतं. ते वाया जातं ते लावण्याच्या पद्धतीमुळे. लोक जिथे खाजतं तिथेच लावतात. ते मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावायचं असतं, बोटांच्या फटींत आणि नखांखालीही. लहान बाळांना डोळे-तोंड सोडून डोक्याला आणि चेहऱ्यालाही. रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं, ज्याला खाजत नाही त्यानेही. आजीने आज, बापाने पुढच्या आठवड्यात असं केलं तर किडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर फिरत राहतो. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. गोधडी धुता येत नसेल तर तीन-चार दिवस पिशवीत गच्च बांधून ठेवायची, माणसाच्या अंगाशिवाय तो किडा तेवढे दिवस जगत नाही. औषधानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा होत नाही, आणि दर दोन दिवसांनी मलम फासायची गरज नसते.

घरातला कापूस

हे कारण पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला सुचणार नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलमागे १० हजारांच्या वर भाव मिळाला. पुढच्या हंगामात भाव उतरले आणि 'परत चढेल' या आशेने शेतकऱ्यांनी कापूस विकलाच नाही. ओसरीत, मागच्या खोलीत, कुठे तर झोपायच्या खोलीतच गंजी लागल्या. महिने गेले, भाव आला नाही आणि घरातल्यांच्या अंगाला मात्र खाज सुटली. तशा तक्रारींच्या बातम्याही तेव्हा आल्या होत्या.

यामागचं कारण नवं नाही. साठवलेलं धान्य, काड, सरकी यांत राहणाऱ्या अळ्यांवर अतिशय बारीक माइट जगतात, गुलाबी बोंडअळीवरसुद्धा. ते माणसाला चावतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि चावताना कळतही नाही. काही तासांनी अंगावर, विशेषतः कपड्याखाली, लाल पुळ्या उठतात, अनेकदा मधोमध सूक्ष्म फोड असतो. मोठी माणसं गंजीपासून लांब राहू शकतात, पण पोरांना त्याहून चांगली गादी कुठे मिळणार? ती त्यावरच उड्या मारतात, तिथेच झोपतात.

खरजेपासून फरक ओळखायचा तर मूल चार दिवस मामाकडे पाठवा. कापसाची पुळी तिथे बसते, खरूज तिथेही जागी ठेवते. हे माइट माणसाच्या अंगावर घर करत नाहीत, त्यामुळे परमेथ्रिनही लागत नाही. कापूस हलवणं हाच इलाज. ते जमत नसेल तर निदान झोपायची खोली रिकामी करणं, आणि गंजीवर खेळून आल्यावर अंघोळ व कपडे बदलणं.

याच प्रकारातलं दुसरं म्हणजे साधे किडे चावणं. पावसाळ्यात पायांवर, हातांवर तीन-चारच्या गटाने उठणाऱ्या, खूप खाजणाऱ्या पुळ्या. एक बसते तोवर दुसऱ्या उठतात, आणि आई म्हणते 'रक्त खराब झालं'. रक्त खराब वगैरे काही नसतं. लहान मुलांचं शरीर डासा-पिसवांच्या चाव्याला जास्त तीव्र प्रतिक्रिया देतं, वय वाढतं तसं ते कमी होतं. मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, एवढंच. खाजवून खाजवून त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली तर मात्र जंतुसंसर्ग झाला आहे, त्याला अँटिबायोटिक लागतं. अशा संसर्गानंतर काही आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी कोकसारख्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो किडनीला सूज आल्याचा इशारा असू शकतो.

घामोळ्यांबद्दल खानदेशातल्या माणसाला काय सांगायचं? मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. तरी एक सांगतो. पावडरचे थर नको. ओल्या घामावर पावडर बसली की घामाची छिद्रं आणखी बुजतात आणि बाळाच्या श्वासातून ती आत जाते. दिवसातून दोन-तीनदा साध्या पाण्याने अंग पुसा, सुती झबलं, कूलरच्या वाऱ्यात बाळ.

ती 'हमखास गुण देणारी' ट्यूब

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. पुरळ कसलंही असो, पहिला थांबा बहुतेकांचा मेडिकलच असतो. तेही समजण्यासारखं आहे. त्वचारोगतज्ज्ञ शहरात, तिथे जायचं म्हणजे एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी आणि तपासणी फी. त्याऐवजी काउंटरवर 'पोऱ्याले काय व्हयनं' ते सांगायचं आणि शंभर रुपयांच्या आत एक ट्यूब घ्यायची. लावली की दुसऱ्या दिवशी लाली गायब. सगळे खूश.

लाली जाते कारण त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं. ते त्वचेची प्रतिक्रिया दाबतं, कारण तसंच राहतं. पोराला गजकर्ण म्हणजे बुरशी असेल, तर स्टेरॉइडखाली ती निवांत वाढते. गोल कडा पुसट होते, चट्टा पसरतो आणि पुढे खऱ्या डॉक्टरलाही ओळखणं कठीण जातं. खरूज असेल तर खाज तात्पुरती कमी होते आणि तोवर सगळ्या घराला लागण होते.

लहान बाळात धोका त्याहून मोठा. वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे औषध अंगात जास्त मुरतं. लंगोटाच्या जागेवर हे मलम लावून वरून डायपर घातला की तो डायपर झाकणासारखं काम करतो आणि शोषण आणखी वाढतं. आठवडे-महिने असं चाललं तर कातडी कागदासारखी पातळ होते, त्यावर पांढरट-लाल रेघा उमटतात, आणि काही बाळांत चेहरा गोल सुजतो, वाढ मंदावते. शेजारीण म्हणते बाळसं धरलंय. ते बाळसं नसतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा आहे, आणि ट्यूबही तशीच मिळते आहे. तपासणी करणारे औषध निरीक्षक किती आणि मेडिकल किती, हे गणित सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ट्यूब उलटी करून नाव वाचायची सवय लावा: बिटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यांतलं काहीही दिसलं आणि चिठ्ठी नसेल, तर ती बाळाला लावू नका. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असा तीन-चार औषधांचा काला असेल, तर अजिबातच नको.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. एक्झिमा असलेल्या मुलाला, ज्याची कातडी कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्यांत कोरडी होऊन फुटते, डॉक्टर सौम्य स्टेरॉइड काही दिवसांसाठी देतात आणि ते योग्य असतं. तिथे घाबरून मलम बंद केलं तर मूलच हाल सोसतं. फरक कुठलं, किती आणि किती दिवस, हे ठरवणारा माणूस कोण आहे, यात आहे.

नवजात बाळाबद्दल दोन वाक्यं. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर लाल डाग आणि मधोमध पिवळसर ठिपका, नाकावर पांढरे कण, कमरेवर निळसर डाग, हे बहुतेकदा निरोगी बाळाचंच लक्षण असतं आणि काही लावावं लागत नाही. डाळीच्या पिठाने लव घासून काढण्याने मात्र नाजूक कातडी सोलवटते.

इथे वाट बघायची नाही

एक काचेचा पारदर्शक ग्लास घ्या आणि डागावर हलके दाबा. साधी लाली दाबल्यावर फिकी पडते. डाग तसाच जांभळा-लाल दिसत राहिला, तर ते कातडीखालचं रक्त आहे. तापासोबत असं दिसलं तर डेंग्यू किंवा रक्तातला गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच तासाला निघा. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतली बाजू बघा.

ओठ-डोळे सुजून श्वासाला त्रास होणं, मूल सुस्त पडणं, आठ तास लघवी न होणं, नवीन औषध सुरू केल्यावर तोंडात-डोळ्यांत फोड किंवा कातडी भाजल्यासारखी सुटणं, पाच दिवसांहून जास्त ताप आणि लाल ओठ-डोळे, तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप. यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ज्याला लोक अजून 'सिव्हिल'च म्हणतात, आणि धुळ्यात हिरे महाविद्यालय, दोन्हीकडे बालरोग आणि त्वचारोग विभाग आहेत.

बाकी वेळी दवाखान्यात जाताना पुरळाच्या पहिल्या दिवसाचा फोटो दाखवा, कारण डॉक्टरसमोर जाईपर्यंत त्याचं रूप बदललेलं असतं. दिवसा, उजेडात काढलेला हवा, फिल्टर नको. आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून न्या, संपलेली असली तरी, आणि लसीचं कार्डही. ताप आणि पुरळ एकत्र असेल तर आरोग्य सेविकेला कळवा. गोवराच्या संशयितांचा रक्तनमुना सरकारी यंत्रणेने तपासायचा असतो, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि तो अहवाल आला तरच शेजारच्या गल्लीतल्या आठ महिन्यांच्या बाळापर्यंत कुणीतरी वेळेत पोचतं.